पहिला घोट करणाऱ्याचा

पंच नावाचे विलायती पेय करायला पाच वस्तू लागतात: आंबट, गोड, पाणी, मसाला आणि दारू. यांपैकी चार मी चाखून पाहत असे. पाचवी कधी चाखली नाही. तरीही अमरावतीत कापसाची तेजी होती त्या काळात तिथल्या विलायती बंगल्यांमध्ये माझ्या हातच्या पंचाचे नाव होते. या अंकाच्या संपादकांना हे खरे वाटेना. लिहून द्या, म्हणाले. म्हणून लिहितो आहे.

मी आबदार होतो. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. बंगल्यात खानसामा जेवणाचे पाही आणि आबदार पिण्याचे पाही. पाणी गाळणे, गार करणे, बाटल्या सांभाळणे आणि साहेबाच्या हाती योग्य वेळी योग्य गिलास देणे ही त्याची कामे. यातले सगळ्यात अवघड काम गार करण्याचे. वऱ्हाडात चैत्र लागला की विहिरीचे पाणीसुद्धा कोमट येते. आम्ही एका पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात सोरा टाकत असू. सोरा विरघळताना पाण्याला झटक्याने गारवा येतो. त्या पाण्यात कथिलाची लांब मानेची सुरई बुडवून ती हाताने फिरवत राहायची. हात थांबला की गारवा गेला. काम झाले की ते पाणी आटवून सोरा परत काढायचा, उन्हात वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वापरायचा.

हात न थांबवण्याची मला सवय होती. आमचे घराणे अकोल्याच्या जुन्या शहरातले, मोर्णेच्या काठचे. धंदा पिंजाऱ्याचा. वडील गेल्यावर कापूस पिंजायची धनुकली माझ्या हाती आली. मग अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावभर कापूस होता. रस्त्यांत, ओट्यांवर, बैलांच्या शिंगांना अडकलेला कापूस. पण गादीत भरायला कोणी बोंडभर देईना. जुनी गादी उसवून लोक आतला कापूस विकू लागले. तेजीत अख्खे वऱ्हाड वर गेले आणि पिंजारी तेवढे बसले. मी धनुकली खुंटीला टांगली आणि अमरावतीला गेलो.

तिथे इमामभाई भेटले. ते एलिचपूरच्या छावणीत अनेक वर्षे आबदार होते. आता बार्कर साहेबांच्या बंगल्यावर होते आणि त्यांचे हात थरथरू लागले होते. साहेब विलायतेतल्या एका पेढीसाठी कापूस खरेदी करीत. इमामभाईंनी माझ्या हाती सुरई दिली, थोडा वेळ पाहिले आणि मला ठेवून घेतले.

अम्माला कळले तेव्हा तिने मला अकोल्याला बोलावले. दारात उभे केले आणि म्हणाली, "तू गोऱ्याले पाजतं, थे तुयं अन् अल्लाचं. पन थेंब तुया जिभेले लागला, तर हा उंबरा वलांडू नोको."

मी शपथ घेतली.

इमामभाईंना सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले. "न चाखता पंच? मग शिंप्यानं डोळे बांधून अंगरखा बेतावा." ते स्वतः रोज चाखत आणि दर शुक्रवारी तोबा करत. "आपला हिशेब बरोबर राहतो," असे त्यांचे म्हणणे.

मी वेगळी वाट काढली. आंबट, गोड, पाणी, मसाला हे चार एका मातीच्या मडक्यात आधी तयार करायचे. त्याला मी 'कोरा' म्हणू लागलो. कोरा चाखायला हरकत नव्हती. दारू शेवटी, मापाने, वाढण्यापूर्वी घालायची. दारू पडली की आंबट दबते आणि गोडी वर येते, त्यामुळे कोरा जिभेला किंचित जास्त आंबट लागला पाहिजे. किती जास्त, हे मी चाखून शिकलो नाही. परत आलेल्या गिलासांवरून शिकलो. तळाशी दोन बोटे राहिली असतील तर गोड जास्त झाले. गिलास कोरडा असेल आणि साहेब तो हातातच खेळवत असेल तर जमले. घोटानंतर डोळा बारीक झाला तर लिंबू कडू निघाले. वर्षभरात मला माणसांच्या गळ्यांवरून पंच वाचता येऊ लागला.

दारूची पारख नाकाने. तळहातावर थेंब घेऊन चोळायचा. चांगली ब्रँडी उडून जाते आणि मागे सुक्या फळाचा वास ठेवते. भेसळीची असेल तर हात चिकट होतो.

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. दारू घालायची की नाही हे ज्याचे त्याने पाहावे. पिवळी लिंबे घ्यावीत, हिरवी नकोत. खडीसाखरेचा मोठा खडा लिंबाच्या सालीवर घासावा, म्हणजे सालीतले तेल साखरेत उतरते. पंचाचा सगळा सुगंध या तेलात असतो, रसात नाही. मग तो खडा गरम, फिक्या चहात विरघळवावा, निवल्यावर रस घालावा आणि वरून जायफळ. गरम चहात रस घातला तर कडवटपणा येतो. झाला कोरा.

हा साहेबांचा जुना, ठरलेला पंच. पण विलायतेहून आलेल्या वस्तू संपत आणि पुढची पेटी बैलगाडीने महिन्यांनी येई. रेल्वे तेव्हा अकोल्यापर्यंत पोचली नव्हती. मग बदल करावेच लागत. लिंबू महागले की भाजलेली कैरी. खडीसाखर संपली की गूळ, पण गुळाला जिरे भाजून लावावे लागते, नाही तर तो मातकट लागतो. पावसाळ्यात जांभूळ. थंडीत आवळा, त्याला सुंठ. चिंच मी एकदाच वापरली. साहेब म्हणाले, ही आमटी आहे.

गिऱ्हाइके म्हणावीत तर दोन आठवतात.

एक कापूस दाबण्याच्या कारखान्यातले इंजिनवाले साहेब. त्यांना पंच चालत नसे. त्यांना 'कॉकटेल' पाहिजे असे. दारू, साखर, थोडे पाणी आणि एका कडू अर्काचे काही थेंब, एवढेच त्यात असते. त्या अर्काची बाटली इमामभाईंच्या हातून फुटली. साहेब म्हणाले, कडू नसेल तर मी येत नाही. मी बाजारातून काडेचिराईत आणले, महाळुंगाची साल घेतली आणि दोन्ही ब्रँडीत भिजत घातले. बाटली रोज उन्हात ठेवून हलवत राहिलो. आठवड्याने त्यांना दिले. त्यांनी गिलास संपवला. पुढे कित्येक दिवस ते रोज दुपारी येत. बार्कर साहेबांनी कारण विचारले तेव्हा म्हणाले, हिवतापाचे औषध घेतोय.

दुसरे एक दलाल साहेब. त्यांनी मुंबईहून बर्फ मागवला. तो बर्फ अमेरिकेतून जहाजाने येई. लढाई चालू असलेल्या देशातून गोठलेले पाणी येते आणि कापूस येत नाही, याचे इमामभाईंना फार नवल वाटे. पेटी अमरावतीला पोचली तेव्हा आत ओला भुसा होता. साहेबांनी तो गिलासावर पिळायला सांगितला. मी पिळला. ते प्याले आणि म्हणाले, "गार आहे." बाकीचे पाहुणे खिडकीबाहेर बघत राहिले.

मला जे सांगायचे आहे ते मात्र माझी बहीण हलीमा हिच्या लग्नाविषयी.

तिचे बार्शीटाकळीच्या उस्मानशी ठरले होते. उस्मानचे वडील कासमचाचा गाडीवान. त्यांच्या बैलगाड्या बार्शीटाकळी आणि आसपासच्या गावांचा कापूस अमरावतीला आणत. माणूस सरळ, तोंडाने फटकळ आणि दारूचा कडवा वैरी. त्यांचा थोरला भाऊ त्यापायी गेला होता आणि दारूला शिवायचे नाही अशी त्यांचीही शपथ होती. मंगनीची साखर आमच्या घरी आली होती; ती परत गेली की सोयरीक मोडली. कापसाचा हंगाम संपला की लग्न करायचे होते. मध्येच कोणीतरी त्यांना म्हणाले, पोरीचा भाऊ दिवसभर दारूत हात घालून बसतो, तो काय कोरडा राहत असेल?

कासमचाचा अम्माकडे गेले. "भाभी, आयकलेल्यावर म्या साखर परत करत नाई. म्या सोता पायतो."

अम्माने मला निरोप पाठवला. कासमचाचा कोणत्या दिवशी येतील हे तिलाही माहीत नव्हते.

ते आले त्या दुपारी बंगल्यावर मोठी मेजवानी होती. हंगामातल्या बहुतेक गाठी मुंबईला रवाना झाल्या होत्या, आणि त्या जहाजावर चढवून घेणारा अमेरिकन कप्तान उरलेला कापूस पाहायला स्वतः आला होता. उंच, उन्हाने भाजलेला, शांत माणूस. टेबलावर मी पंचाचे मोठे भांडे आणले. मडक्यातला कोरा आधी ओतला होता, दारू घालायची होती. बार्कर साहेबांनी बाटली उघडायची खूण केली.

कप्तान म्हणाला, "थांबा. करणाऱ्याने पहिला घोट घ्यायचा."

बार्कर साहेब हसले. कप्तान हसला नाही. कुठल्याशा बंदरात त्याच्या गिलासात गुंगीचे औषध घालून त्याला लुटले होते. तेव्हापासून त्याने हा नियम केला होता आणि राजाच्या टेबलावरही तो मोडणार नाही असे त्याने सांगितले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "करीम, पियो."

मी म्हणालो, "हुजूर, मी पीत नाही."

"एक घोट."

"एक थेंबही नाही."

मी नाही म्हटल्याने माझी शपथ कोणाला दिसली नाही. दिसला तो संशय. कप्तानाने आपला रिकामा गिलास उपडा घातला. बार्कर साहेबांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यापुढे त्यांचा नोकर त्यांचा हुकूम मोडत होता. इमामभाई माझ्या मागे कुजबुजले, "घे लेका, शुक्रवार परवा आहे."

मी म्हणालो, "हुजूर, भांड्यात अजून दारू पडलेली नाही. आहे ते मी केले आहे, ते मी पितो. बाटलीला लाख लागलेली आहे, ती मी केलेली नाही. ती कप्तान साहेबांनी स्वतः उघडावी आणि स्वतःच्या हाताने घालावी."

बार्कर साहेबांनी ते कप्तानाला समजावून सांगितले. मग त्याने पंचाचे भांडे माझ्याकडे सरकवले. मी गिलास बुडवला, वर धरला आणि सगळ्यांसमोर तळापर्यंत प्यालो. कप्तानाने लाख फोडली, बाटलीचा वास घेतला, माप मला विचारले आणि ओतले. मग आपला गिलास सुलटा केला.

त्या जेवणानंतर बंगल्यावर एक चाल पडली. आबदाराने कोरा आणायचा, पहिला गिलास आपण घ्यायचा आणि दारू ज्याची त्याने घालायची. दुसऱ्या बंगल्यांनीही ती उचलली. माझी शपथ रिवाज बनून गेली आणि मला वाटले, आता यापुढे काही अडचण नाही.

कासमचाचा मात्र मी तो गिलास प्यालो त्या वेळी व्हरांड्याच्या पायऱ्यांशी उभे होते. गाड्या रिकाम्या व्हायला वेळ होता म्हणून मला भेटायला आले होते. उघड्या दारातून त्यांना टेबल दिसले, बाटली दिसली, गोरे दिसले आणि गोऱ्यांच्या मधोमध उभा राहून गिलास तोंडाला लावणारा मी दिसलो. एवढे पाहून ते वळले. पहाऱ्यावरच्या माणसाला सांगून गेले: "तुमच्या आबदाराले सांगा. साखर परत येऊन राह्यली."

मी सुट्टी मागितली. साहेब खूश होते, मिळाली. अकोल्याला पोचलो तर अम्मा दारातच बसलेली. साखरेची पुडी उंबऱ्यावर होती. कासमचाचांनी माझ्या आधी माणूस पाठवला होता.

"अम्मा, ते कोरं होतं."

"गिलास होता का?"

"होता."

"गोरे होते?"

"होते."

"मंग?" अम्मा म्हणाली आणि उंबऱ्यावरून हलली नाही.

हलीमा आतून आली. ती माझ्याहून लहान, पण घरात तिचा शब्द शेवटचा. तिने मला वाकायला सांगितले, माझ्या तोंडाजवळ नाक आणले आणि आत वळून म्हणाली, "अम्मा, याच्या डोक्यात अक्कल नाई, पन तोंडाले वास बी नाई."

"तवाचा वास आज रायते का?" अम्मा म्हणाली.

हलीमाने पुडी उचलली आणि पदराला बांधली. "साखर म्या ठेवून घेतली. परत घेतली असं म्या म्हनलं नाई." मग मला म्हणाली, "भाई, तू आता बार्शीटाकयीले जाशीन अन् त्याहिले समजावशीन. समजावू नोको. त्यानं डोयानं पायलं, त्याले बोलून काय होते? त्याले पाज."

मी लिंबे, साखर, चहा घेऊन बार्शीटाकळीला गेलो. कासमचाचा अंगणात गाडीचे चाक काढून बसले होते. त्यांच्या अंगणात कैऱ्या लागलेले आंब्याचे झाड होते, ते मी तिथे पहिल्यांदा पाहिले. मी पुडके सोडू लागलो तसे त्यांनी हात वर केला.

"काय करून राह्यला?"

"मी तिथं काय प्यालो ते करून दाखवतो."

"भैताड समजला का मले? मायाच अंगनात तू दारू टाकनार हायस का? घरी तं सगयेच साव असतात. थे गोरे बसले असताना त्या भांड्यात काय असते, थे पाहायचं हाय मले."

"मग तिथं येऊन पाहा."

"म्या बंगल्यावर? उंबऱ्यावर उभं करतात थे मले."

"आबदारखाना मागं आहे. तो माझा आहे. माझ्या शेजारी बसा. सकाळपासून बसा. माझा हात नजरेआड होऊ देऊ नका."

ते चाकाला वंगण लावत राहिले. शेवटी म्हणाले, "गाड्या सोमवारी येऊन राह्यल्या. बसतो. पन काई दिसलं, तं तुयी बहीनच नाई, तुया सलाम बी बंद."

सोमवारी ते आले आणि आबदारखान्याच्या दाराशी उकिडवे बसले. मी लिंबे निवडली, त्यांनी पाहिले. मी खडीसाखर सालीवर घासू लागलो तेव्हा विचारले, "रस कावून काढत नाई?" मी सांगितले, आणि ओघात कप्तानाच्या नियमाचेही सांगितले. त्यांनी एक लिंबू घेऊन नखाने साल खरवडली, वास घेतला आणि ते लिंबू नकळत खिशात टाकले. सुरई फिरवायला घेतली तेव्हा ऊन चढले होते. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "इकडं दे, तुया हाताले दम नाई." मग सुरई त्यांनीच फिरवली. बैलांचे कासरे धरलेले हात ते. पाणी माझ्याहून लवकर गार झाले.

इमामभाई कोपऱ्यातून बघत होते. "नवा आबदार ठेवला का रे?"

"समधी आहेत, व्याही," मी म्हणालो.

"कोनाचा समधी?" कासमचाचा म्हणाले. पण हात थांबला नाही.

जेवणाची वेळ झाली. कोरा मोठ्या भांड्यात ओतला. आत पाहुणे बसले होते आणि हे भांडे आता त्यांच्यापुढे जाणार होते. मी एक गिलास भरला, अर्धा प्यालो आणि उरलेला कासमचाचांपुढे धरला.

"हा आत जाणार. जाण्याआधी तुम्ही प्या."

त्यांनी गिलास घेतला नाही. मला त्यांची अडचण कळत होती. मी खोटा असलो तर माझी शपथ मोडलेलीच होती. पण त्या गिलासातून त्यांची स्वतःचीही मोडली असती. सकाळपासून माझा हात त्यांच्या नजरेसमोर होता, तरी नजर हलली नसेल याची खात्री कोण देणार? हलीमा म्हणाली होती, पाज. तिला हेच म्हणायचे होते असे मला तिथे उभे असताना उमगले. मी कितीही सांगितले तरी विश्वास त्यांनीच गिळायला हवा होता.

त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. बोट बुडवून थेंब तळहातावर चोळला, सकाळी मी ब्रँडी तपासताना त्यांनी पाहिले होते तसे. मग बिस्मिल्ला म्हणून प्याले.

नेमके तेव्हाच बार्कर साहेब दारात आले. उशीर का होतोय ते पाहायला आले होते. त्यांच्या पंचाच्या भांड्यापाशी एक अनोळखी गाडीवान त्यांच्याच गिलासातून पीत होता. इमामभाईंनी डोळे मिटले.

"करीम, हा कोण?"

मी उत्तर दिले, "हुजूर, माझ्या बहिणीचे सासरे."

कासमचाचांना हिंदुस्तानी कळत होती. त्यांनी माझ्याकडे बघितले.

साहेबांनी विचारले, "कसा आहे पंच?"

कासमचाचांनी गिलास खाली ठेवला. "लय चांगलं हाय. गोड थोडं कमी. पन याच्यात दारू टाकून थे नासवता कावून?"

साहेबांना वऱ्हाडी समजत नसे. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"छान आहे म्हणतात, हुजूर."

साहेब मान हलवून गेले. भांडे आत गेले. कासमचाचा पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुयी बहीन मायी सून हाय, असं कोनी सांगतलं तुले?"

"तुम्ही आता सांगा. नाही तर मी साहेबाशी खोटं बोललो असं होईल. खोटं बोलणारा सोयरा तुम्हाला चालेल का?"

ते हसले. मोठ्याने नाही. मला त्यांचे हसणे त्याआधी माहीत नव्हते. खिशातले लिंबू काढून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवले. "अन् थो कप्तान? करनाऱ्यानं पयले प्यायचं म्हनला, थो?"

"हो."

"त्याचं बरोबर हाय," ते म्हणाले आणि गाड्या पाहायला गेले.

हंगाम संपता संपता अमेरिकेतली लढाई थांबल्याची तार आली. भाव पडला. नुसता पडला नाही, तर एका सकाळी तो गावातून निघूनच गेला. बार्कर साहेबांचा बंगला रिकामा झाला. त्यांनी जाताना मला मुंबईला चल म्हटले. मी गेलो नाही. पुढे अकोल्यात एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो आणि तिथून बातमीदार झालो. पाहिले तेवढेच लिहायचे हे तिथे शिकलो. काही अंशी आधीच शिकलो होतो.

खंत एकच आहे. माझा पंच पुरा होऊन कसा लागत असे, हे मी शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून जाणले. मला विचाराल तर मला तो माहीत नाही.

लग्न ठरल्याप्रमाणे झाले. भाव पडल्यामुळे कासमचाचांच्या गाड्या उभ्या होत्या, तरी त्यांनी तारीख पुढे ढकलली नाही. जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत मांडव घातला. खडीसाखर परवडेना म्हणून गूळ घेतला, आणि कासमचाचांनी आपल्या झाडाच्या कैऱ्या पोत्याने आणल्या. मी त्या निखाऱ्यावर भाजल्या, गर काढला, जिरे लावले, पुदिना घातला. सुरई कासमचाचांनीच फिरवली. ते दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात. हलीमाने आतून ती पुडी पाठवली. बांधून ठेवलेली मंगनीची साखर होती. मी ती सगळी त्यात घातली.

मोठे भांडे मांडवात आणले. लोक तहानलेले होते, हात पुढे आले. कासमचाचा भांड्यापुढे उभे राहिले.

"थांबा. पयला घोट करनाऱ्याचा."

गल्लीतले, बार्शीटाकळीचे, कुजबुज करणारे आणि कुजबुज ऐकणारे, सगळे तिथे होते. मी गिलास भरला आणि सगळ्यांच्या देखत तळापर्यंत प्यालो. पडद्यामागे अम्मा उभी होती.

कासमचाचांनी माझ्या हातातून रिकामा गिलास घेतला. तो धुतला नाही. त्यातच आपल्यासाठी भरून घेतला.